आधी रिम, मग टायर : एका गाडीच्या हिवाळी चाकांचं प्रकरण

ताईचा फोन आला तेव्हा तिने टायर ठरवून टाकले होते. कुठल्याशा चाचणीत पहिला आलेला टायर, चार नग, गाडीवर आहेत त्याच मापाचे. "तू फक्त एकदा हो म्हण, मग ऑर्डर टाकते," एवढंच तिला हवं होतं. मी हो म्हटलं नाही. त्यापुढचे तीन आठवडे आम्ही जे काही केलं ते इथे मांडतो आहे, कारण वाटेत दोन चुका होता होता राहिल्या आणि दोन्ही चुका टायरच्या नव्हत्या, रिमच्या होत्या.

आधी परिस्थिती. ताई रुग्णालयात नोकरीला, सकाळची पाळी सहाची. नुकतीच ती अशा भागात राहायला गेली, जिथे वर्षातले जवळपास चार महिने रस्त्यावर बर्फ असतो. घर ते रुग्णालय ३४ किलोमीटर. त्यातले पहिले सहा किलोमीटर डोंगरउताराचा गल्लीवजा रस्ता, जिथे बर्फ काढणारी गाडी सकाळी सहाच्या आत कधीच पोचत नाही. उरलेले २८ किलोमीटर महामार्ग, तिथे रात्रभर मीठ टाकलेलं असतं, म्हणजे काळा, ओला, थंडगार डांबर. गाडी उघड्यावर उभी. निघायची वेळ सव्वापाच. सुट्टी घेईन, उशिरा जाईन, आज नको जायला, यातलं काहीही तिच्या कामात बसत नाही. गाडी जुनी घेतलेली, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, १७ इंची अलॉय आणि त्यावर उन्हाळी टायर २२५/४५ आर १७.

विंटर टायर म्हणजे केवळ खोल खाचांचा टायर असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. आपल्याकडे टायर बदलायचा तो गुळगुळीत झाला की; ऋतू बदलला म्हणून टायर बदलणं ही कल्पनाच परकी. पण खरा फरक रबरात असतो. उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या रस्त्यावर टिकावं म्हणून बनवलेलं असतं. थंडी वाढली की ते मेणासारखं कडक होत जातं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरणं सोडून देतं. साधारण ७ अंश सेल्सिअस ही त्याची ढोबळ सीमा मानतात. काटेकोर रेषा नव्हे, पण त्या खाली उन्हाळी टायर आपली बाजू हरायला लागतो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्यासारख्या बारीक चिरा असतात. चाक दाबलं गेलं की त्या चिरा उघडतात, बर्फ पकडतात, आणि मग अडकलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. मुठीत बर्फ दाबला की गोळा होतो ना, तेच काम टायर सेकंदाला कितीतरी वेळा करतो.

ताईला मी एक हिशोब लिहून पाठवला होता. वेग ताशी ५० किलोमीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारे १२ मीटर. दाबलेल्या बर्फावर ०.३ मिळाला तर ३३ मीटर. काचेसारख्या बर्फावर ०.१ उरला तर ९८ मीटर. हे नुसतं पाठ्यपुस्तकातलं सूत्र आहे, त्यात चालकाचा प्रतिसादाचा वेळ धरलेलाच नाही. "म्हणजे चांगला टायर घेऊनही मी ३३ मीटर जाणारच?" तिने विचारलं. जाणारच. टायर रस्ता बदलत नाही, त्या रस्त्यावर जेवढी पकड मिळू शकते त्यातला जास्त वाटा मिळवून देतो. चारही चाकं ओढणारी गाडी घेणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. ती गाडी बर्फातून निघते झकास. थांबताना मात्र चार चाकांना ब्रेक सगळ्याच गाड्यांना असतात.

तिचा पहिला काटकसरीचा बेत होता पुढचे दोनच टायर बदलायचा. पुढची चाकं गाडी ओढतात, मागची नुसती फिरतात, हा तर्क वरवर बरोबर. पण तिचा रस्ता उताराचा. उतारावर ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. पुढे पकड आणि मागे कडक रबर असेल तर पुढचा भाग थांबतो आणि मागचा भाग त्याला ओलांडून पुढे यायला बघतो. गाडी गर्रकन आडवी. चारही टायर एकाच जातीचे नसतील तर एकही बदलू नये असं माझं मत आहे, आणि त्यावर मी वाद घालत नाही.

दुसरा प्रश्न वेगळ्या चाकांचा. आहेत त्याच अलॉयवर दर हिवाळ्यात टायर चढवायचे आणि वसंतात उतरवायचे, असं करणारे पुष्कळ आहेत. ताईला गाडी निदान पाच वर्षं वापरायची होती. पाच हिवाळे म्हणजे दहा अदलाबदली, प्रत्येक वेळी चार चाकं, म्हणजे ४० वेळा टायर रिमवरून ओढून काढायचा आणि ४० वेळा दुसरा घालायचा. टायरची आतली कड, जिच्यात तारेची कडी असते आणि जी रिमला हवाबंद धरते, तिला हा खेळ सोसत नाही. मशीनची पट्टी घसरली की अलॉयवर ओरखडा, शिवाय दर वेळी नव्याने बॅलन्सिंग. तिच्या अलॉयचा पुढचा भाग यंत्रावर घासून चकाकवलेला होता. त्या पृष्ठभागावर मिठाचं पाणी एकदा लाखेखाली शिरलं की पांढरे धागे पसरत जातात आणि ते परत जात नाहीत. आणि पहिला बर्फ पडला की सगळं गाव एकाच दिवशी टायरच्या दुकानात उभं असतं. वेगळी चाकं असली की जॅक, पाना आणि एक तास पुरतो. गाडी वर्षा-दोन वर्षांत विकायची असती तर मी तिला हा सल्ला दिला नसता.

सगळ्या ऋतूंचे टायर का नाहीत, हेही तिने विचारलं आणि ते विचारणं रास्त होतं. फक्त महामार्गाचे २८ किलोमीटर असते तर पर्वताचं चिन्ह (बर्फावरची पकड तपासल्याची खूण, तिच्याबद्दल पुढे) असलेले ऑल-सीझन टायर मी सुचवले असते. त्या सहा किलोमीटरच्या उताराने तो पर्याय बाद केला.

आता मूळ मुद्दा. ताई टायरपासून सुरुवात करत होती. चाकाचा निर्णय उलट्या टोकाने सुरू होतो : ब्रेकच्या कॅलिपरवरून (डिस्कला चिमट्यासारखा दाबणारा भाग) कुठली रिम जाते, हबवर (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो मधला भाग) कुठली बसते, त्या रिमवर कुठलं माप चढतं, आणि शेवटी त्या मापात कुठला टायर मिळतो.

चालकाच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. तिच्या गाडीवर त्यात तीन मापं होती : १९५/६५ आर १५, २०५/५५ आर १६ आणि २२५/४५ आर १७. तिन्हींचा बाहेरचा व्यास मी काढला. टायरच्या मापातला पहिला आकडा रुंदी, दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचात. त्यावरून १५ इंचीचा व्यास ६३४.५ मिलिमीटर, १६ इंचीचा ६३१.९, १७ इंचीचा ६३४.३. तिन्ही इतके जवळ की स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. हिवाळ्यासाठी जेवढी लहान रिम आणि उंच भिंत तेवढं चांगलं, म्हणून मन १५ इंचीवर गेलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात वापरलेला संच विकायला आला. १५ इंची स्टीलच्या चार रिम, त्यावर जेमतेम एक हिवाळा चाललेले टायर. पाच बोल्ट, ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर. मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. कागदावर सगळं जुळत होतं. विकणारा गृहस्थ सज्जन होता, म्हणाला, "बसवून बघा की." त्याने स्वतःच जॅक लावला, मागचं चाक काढलं, त्याचं चाक चढवलं, हाताने फिरवलं. चाक गुळगुळीत फिरलं. "मागे बसलं म्हणजे बसलं," तो म्हणाला. ताई पैसे काढायलाच निघाली होती.

मी म्हटलं, एक पुढचं बघू. पुढचं चाक उतरवून स्टीलची रिम हबकडे सरकवली तर ती अर्ध्यातच टकटक वाजून थांबली. हबचा तोंडवळा आणि रिम यांच्यात माझं करंगळीचं पेर जाईल एवढी फट राहिली. बोल्ट आवळून ती फट मिटवायचा प्रयत्न केला असता तर कॅलिपरला रिम घासत बसली असती, किंवा त्याहून वाईट काही झालं असतं. मागचा ब्रेक छोटा असतो, म्हणून तिथे सगळं बसतं.

कारण साधं आहे. या गाडीचं इंजिन मोठं, म्हणून पुढच्या ब्रेकची डिस्क ३१२ मिलिमीटर व्यासाची. म्हणजे त्रिज्या १५६, आणि कॅलिपर डिस्कच्या कडेवरून वळसा घालून बाहेर येतो. १५ इंची रिमची त्रिज्या १९०.५ मिलिमीटर, पण ते माप टायरची कड जिथे बसते तिथलं. त्याच्या आत रिमला पन्हळीसारखा खोलगट भाग असतो, टायर चढवता यावा म्हणून, आणि तो आणखी खाली येतो. तिथेच कॅलिपरची पाठ आडवी आली. दाराच्या खांबावरचा तक्ता त्या मॉडेलच्या सगळ्या इंजिनांसाठी छापलेला होता. १५ इंची माप लहान डिस्कच्या गाड्यांसाठीच, ही तळटीप पुस्तिकेत मागच्या पानावर सापडली. ती आम्ही आधी वाचायला हवी होती, हे कबूल.

म्हणून १६ इंची. इथे दोन रिम समोर होत्या. एक ६.५ जे, ईटी ४६. दुसरी ७ जे, ईटी ४०, दिसायला अधिक देखणी. जे म्हणजे कडेच्या घडणीचा प्रकार आणि त्याआधीचा आकडा रुंदी इंचात. ईटी म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते. ईटी जितका मोठा, चाक तितकं गाडीच्या पोटात. हा आकडा लोक बघत नाहीत. कंपनीची १७ इंची रिम ७ जे, ईटी ४९ होती. तिची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून ३९.९ मिलिमीटरवर येते. ६.५ जे, ईटी ४६ ची कड ३६.६ वर, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर आत. ७ जे, ईटी ४० ची ४८.९ वर, म्हणजे नऊ मिलिमीटर बाहेर. नऊ मिलिमीटर म्हणजे किती, असं वाटेल. पण तेवढ्यात मिठाचा चिखल दारांवर उडायला लागतो, चाकाच्या कमानीत साचून गोठलेला बर्फ टायरच्या खांद्याला घासतो, आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं. बाहेर आलेलं चाक झोकदार दिसतं खरं. ताईने एकदा हळहळून फोटो पाहिला आणि ६.५ वर शिक्का मारला.

२०५ चा अरुंद टायर घ्यायला ती आधी तयार नव्हती. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे कोरड्या रस्त्यावरचं शहाणपण. मऊ, ओल्या, चिखलासारख्या बर्फात रुंद टायर वर तरंगतो, अरुंद टायर तो कापून खालचा रस्ता गाठतो. शिवाय भिंतीची उंची १०१ वरून ११३ मिलिमीटर झाली. बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचवायला ते १२ मिलिमीटर उपयोगी. याची किंमतही आहे. कोरड्या महामार्गावर गाडी वळणात जरा मऊ, डुलल्यासारखी वाटते. ताईने पहिल्या दिवशी तक्रार केली, आठवड्यात विसरली.

स्टील घ्यायची की अलॉय, यावर लोक उगाच रणं माजवतात. स्टील वाकते आणि बऱ्याचदा ठोकून वापरता येते, अलॉय तडकते. स्टीलचा रंग उडाला की गंज, अलॉयचा उडाला की बुरशीसारखे डाग. वजनात वाटतो तेवढा फरक नसतो. मला स्टीलच हवी होती, पण त्या मापाची स्टील रिम यायला सहा आठवडे लागणार होते आणि बर्फ थांबणार नव्हता. साध्या रंगाची, जाड लाखेची, बाहेरच्या कंपनीची अलॉय घेतली.

दुसरी चूक इथे दबा धरून होती. दुकानदाराने चार चाकं टायरसकट बॅलन्स करून दिली आणि म्हणाला, बोल्ट तुमचे जुनेच लागतील. मी घरी एक जुना बोल्ट आणि एक नवी रिम टेबलावर ठेवली. कंपनीच्या बोल्टची मान गोल, गोटीच्या अर्ध्या तुकड्यासारखी. नव्या रिमच्या भोकाची बैठक सरळ उताराची, नरसाळ्यासारखी. बोल्ट भोकात घातला, हाताने दाबून फिरवला, काढला. रिमच्या रंगावर केसाएवढी बारीक चकाकती रेघ उमटली होती, गोल, भोकाभोवती. तेवढ्याच रेघेवर बोल्ट टेकत होता. पूर्ण बैठकीवर टेकायला हवा तो एका रेघेवर टेकला, तर पान्याने आवळताना हाताला घट्टच लागतो, पण काही किलोमीटरनंतर ती रेघ झिजते आणि बोल्ट सैल पडतो. आपलं चाक आपल्याला ओव्हरटेक करून जाताना दिसतं म्हणतात, ते असं.

६० अंशाच्या शंकूच्या मानेचे २० बोल्ट घेतले, तेच एम १४, दीड मिलिमीटरच्या आट्यांचे. लांबीही तपासली. बोल्टच्या जाडीएवढा भाग तरी हबमध्ये शिरायला हवा हा माझा नियम : १४ मिलिमीटर, म्हणजे निदान नऊ-दहा फेरे. हाताने फिरवत मोजले, अकरा आले. फार लांब बोल्टही नको, तो मागे काही तरी घासू शकतो. म्हणून चाक चढवून हबवर फिरवून ऐकलं.

आणि स्टेपनी! तिच्या डिकीत कंपनीची स्टीलची स्टेपनी आहे, तिची बैठक गोलच. हिवाळ्यात पंक्चर झालं तर शंकूचे बोल्ट तिला चालणार नाहीत. म्हणून जुन्यांपैकी पाच बोल्ट फडक्यात बांधून जॅकशेजारी ठेवले. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, रात्री झोपताना सुचली, आणि मी उठून ताईला निरोप टाकला.

बाहेरच्या रिमचं मधलं भोक ६६.६ मिलिमीटर होतं, हबचं ५७.१. मधे प्लास्टिकची कडी येते. ती नसली तरी बोल्ट चाकाला धरतात, पण चाक केसभर बाजूला बसलं की ताशी ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालतो.

आता कुठे टायर. बाजूवर तीन शिखरांचा पर्वत आणि त्यात हिमकण हे चिन्ह हवंच. १९९९ पासून ते वापरात आहे आणि ते मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर ठरावीक तुलनेच्या टायरपेक्षा निदान दहा टक्के अधिक पकड दाखवावी लागते. नुसतं एम+एस लिहिलेलं असणं म्हणजे चिखल आणि बर्फ असा कंपनीचा स्वतःचा दावा; त्यासाठी अशी चाचणी लागत नाही. जर्मनीत तर ३० सप्टेंबर २०२४ नंतर हिवाळी टायर म्हणून नुसतं एम+एस चालेनासंच झालं. पण पर्वताचं चिन्हही सगळं सांगत नाही. ती चाचणी बर्फावरची आहे, काचेसारख्या गोठलेल्या थरावरची नाही, ओल्या डांबरावर ब्रेक लावण्याची तर नाहीच. युरोपीय संघाच्या मे २०२१ पासूनच्या लेबलवर त्या गोठलेल्या थरासाठी वेगळं चित्र आलं आहे.

हिवाळी टायरमध्ये ढोबळ तीन घराणी. एक उत्तरेकडचं, अति मऊ रबराचं, खिळे नसलेलं, गोठलेल्या थरासाठी. वेगाची मर्यादा बहुधा कमी. दुसरं खिळ्यांचं. तिसरं मध्य युरोपीय घडणीचं, थोडं कडक, ओल्या थंड डांबरावर जास्त वेगात भरवशाचं. खिळे आम्ही लगेच सोडले : उघड्या डांबरावर आवाज, रस्त्याची नासाडी, ओल्यात थांबण्याचं अंतर, आणि ते कुठे कधी चालतात याचे नियम जागोजागी वेगळे. पहिलं की तिसरं यावर मात्र दोन दिवस गेले. उतार सांगत होता पहिलं घे. पण ३४ पैकी २८ किलोमीटर ओला, खारट महामार्ग, आणि तापमान बहुतेक दिवस उणे ५ ते अधिक ५ च्या दरम्यान. शून्याच्या आसपास ताशी १०० वर ओल्या डांबरावर ब्रेक लावायची वेळ तिच्यावर जास्त येणार होती. उतार तिला ताशी २० ने उतरता येतो. महामार्गावर ते स्वातंत्र्य नाही. म्हणून तिसरं. तापमान महिनोन्‌महिने उणे १५ च्या खाली राहिलं असतं तर माझं मत फिरलं असतं.

माप २०५/५५ आर १६, त्यापुढे ९१ एच. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. तक्त्यात ९१ व्ही होतं. हिवाळी टायरला बऱ्याच देशांत तक्त्यापेक्षा खालच्या वेगाचं अक्षर चालतं, डॅशबोर्डवर मर्यादेची पट्टी लावून. भाराचा आकडा मात्र कधीच खाली आणायचा नाही. ताईचा लाडका पहिल्या क्रमांकाचा टायर या मापात ९१ टी होता, ताशी १९० चा, उत्तरेकडच्या घराण्यातला. तो गळला. तिच्याच यादीतला दुसरा घेतला. बाजूवरचे शेवटचे चार अंक बघून घेतले : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात नवा म्हणून ठेवलेला टायर चार वर्षांपूर्वीचाही असू शकतो.

चढवायच्या दिवशी तिच्याकडे गेलो. हबवर गंजाचा थर होता, तारेच्या ब्रशने तो काढला; त्या थरावर चाक तिरकं बसतं आणि थर दबला की बोल्ट सैल होतात. आट्यांना ग्रीस लावलं नाही, कारण आवळण्याचा आकडा कोरड्या बोल्टसाठी असतो. तिच्या पुस्तिकेत १२० न्यूटन मीटर होता. चांदणीच्या आकृतीत, एक सोडून एक, आधी हलकं मग पूर्ण. ५० किलोमीटरनंतर पुन्हा. "परत कशाला, आत्ताच तर आवळले," ताई म्हणाली. परतच्या वेळी एक बोल्ट खरंच थोडा फिरला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण होता. डावी-उजवी मी दोनदा तपासली.

हवेत मात्र आम्ही फसलो. बंद गॅरेजात २० अंशांत २.४ बार भरली. चार दिवसांनी पहाटे उणे १० होतं. बंदिस्त हवेचा एकूण दाब, म्हणजे गेजचा आकडा अधिक बाहेरच्या हवेचा सुमारे १ बार, तापमानाबरोबर उतरतो : ३.४ बारचा ३.०५ झाला, म्हणजे गेजवर २.०५. गाडीने काहीच इशारा दिला नाही. तिच्या गाडीत चाकाच्या आत सेन्सर नाहीत. ती चाकांच्या फिरण्याचा वेग एकमेकांशी ताडून बघते. त्याचा फायदा असा की नव्या रिमसाठी चार सेन्सर घ्यावे लागले नाहीत, नुसतं मेन्यूत जाऊन सेट केलं. तोटा असा की चारही चाकांतली हवा सारखी उतरली तर तिला बऱ्याचदा कळतच नाही. ताईला मी खिशात मावणारं गेज दिलं. थंड गाडीची हवा, महिन्यातून दोनदा, आणि भरायची तीही थंडीत.

पहिला मोठा बर्फ झाला त्या दिवशी सव्वासहाला तिचा निरोप आला : "पोचले. उतारावर शेजारची गाडी आडवी होती, मी बाजूने हळू गेले." यातून फार काही सिद्ध होत नाही, शेजारच्या गाडीवर कुठले टायर होते ते आम्हाला ठाऊक नाही.

वसंतात उन्हाळी चाकं चढवताना एक १७ इंची चाक हबवर बसेना. ताईने फोनवरून चित्र दाखवलं. हिवाळी रिमची प्लास्टिकची कडी हबलाच चिकटून राहिली होती, गंजाच्या रंगाची झालेली, ओळखूही येत नव्हती. स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचकटून काढली. खाचांची खोली मोजली तर ७.५ मिलिमीटरच्या आसपास; बर्फातली पकड ४ च्या खाली झपाट्याने जाते, ऑस्ट्रियात तर हिवाळी टायरला कायदाच ४ चा आहे. चाकांच्या आत खडूने कुठलं कुठलं ते लिहिलं, धुतली, वाळवली आणि अंधाऱ्या खोलीत एकावर एक आडवी ठेवली. रिमशिवायचे टायर उभे ठेवायचे असतात, रिमवरचे असे चालतात.

परवा तिच्या बरोबरच्या एका परिचारिकेला कुणी तरी १५ इंची चाकांचा संच स्वस्तात देतो आहे. दोघी बघून आल्या. "मागे बसवून दाखवलं त्याने," ताई सांगत होती, "मी म्हटलं, पुढचं काढा."